हरिश्चंद्राच्या फॅक्टरीचे भांडवल

माणसाचा धंदा बुडाला की त्याच्यासोबत त्याची पतही बुडते. काल वाकून नमस्कार करणारे आज रस्ता बदलून जातात, आणि भरदुपारी घरी येऊन बसलेल्या कर्त्या पुरुषाशी काय बोलावे हे घरच्यांना सुचत नाही. आम्हां खानदेशवासीयांना हे नव्याने सांगायला नको. जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, अमळनेरची प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर एकेकाळी गावाचा दिवस चाले. ते भोंगे थांबले आणि साच्यावर हात बसलेली माणसे ऐन चाळिशीत पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसली.

अशा माणसाची गोष्ट रडवीच असणार, अशी आपली समजूत असते. परंतु परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट काढला आणि ही समजूत हसतहसत खोडून काढली. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई पाहताना प्रेक्षक खुदुखुदू हसतो, आणि मध्येच केव्हातरी घशाशी आवंढा येतो. ऑस्करच्या स्पर्धेसाठी त्या वर्षी भारताने हाच चित्रपट पाठविला होता. त्यातले हसू लेखकाच्या पदरचे किती आणि इतिहासातले किती, हे पाहण्याजोगे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, तीही सोडली. जादूचे प्रयोग केले, तेही आपले नाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून! मग भागीदारीत छापखाना उभारला. १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन नवी यंत्रे आणि रंगीत छपाईचे ज्ञान आणले. त्या छापखान्याचा नावलौकिक झाला न झाला तोच भागीदारांशी बिनसले आणि फाळके अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. वय चाळीस, पदरी बायकामुले.

१९११ साली मुंबईतील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त आणि मनात मात्र राम व कृष्ण, अशी त्यांची अवस्था झाली. मग रोज तासन्‌तास चित्रपट पाहणे आणि रात्री जागून त्यावर विचार करणे सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. दृष्टी परत आल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये स्वारी लंडनला निघाली. तेथे कॅमेरा घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत कामकाज पाहिले आणि ते परत आले. कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून वेल वाढतो, हे थोडेथोडे चित्रण करून त्यांनी पडद्यावर दाखविले, तेव्हा कोठे पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला.

खरे पाहता फाळक्यांनी शून्यातून आरंभ केलाच नव्हता. बुडालेला प्रत्येक धंदा त्यांच्या मदतीला धावून आला. छायाचित्रकाराने कॅमेरा चालविला, चित्रकाराने पडदे रंगविले, रसायनांशी परिचय असलेल्या छपाईवाल्याने फिल्म धुतली, आणि देव प्रकट व्हायचे व अंतर्धान पावायचे तेव्हा जादूगार केल्फा हजर होताच. हातून गेला तो छापखाना; हातातली विद्या कोणा भागीदाराला वाटून घेता आली नाही.

दुसरे भांडवल घरात होते. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. अंधाऱ्या खोलीत बसून त्या कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडीत. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक उरकावा, आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहावे, असा त्यांचा दिवस. नवऱ्याला वेड लागले असे शेजारीपाजारी म्हणत असता ही बाई त्या वेडात सामील झाली.

स्त्रीपात्राला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीतला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला. तेथला पगार दहा रुपये, येथे पंधरा. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नाके मुरडत. म्हणून ‘आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत’ असे सांगण्याची तोड निघाली. एवंच, चित्रपटाच्या नावातला विनोद इतिहासानेच केलेला आहे. सुमारे सात महिने खपून ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला.

मोकाशींचा चित्रपट यशाच्या या भरतीतच थांबतो. इतिहासाला तशी सोय नसते. हिंदुस्थान फिल्म कंपनीतल्या भागीदारांशी पुन्हा बिनसले आणि फाळके काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमि’ नाटक लिहिले, पुढे १९२२ च्या सुमारास ते कंपनीत परतले. पण पडदा बोलू लागला आणि मूकपटाची विद्या जुनी झाली. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात १९३७ साली काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते निवर्तले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

चाळिशीत पुन्हा उठणारा माणूस साठीतही उठेलच, असे नाही. तेव्हा त्याला नावे ठेवू नयेत. आणि ज्याच्या घरी नुकतीच नोकरी सुटली आहे, त्याने दिवाळीच्या सुट्टीत हा चित्रपट मुलाबाळांसह पाहावा. घरातले सामान एकेक करून विकले जात असता त्या घरातली मुले कशी हसत असतात, तेवढे मात्र नीट पाहावे.