नाव आंग्र्यांचे, चेहरा पाण्याखाली

वाशिम जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. काटेपूर्णेचे पाणी पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात पोहोचते. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा वळसा घेऊन बंगालच्या उपसागराला मिळते. जिल्हा मात्र दोन्ही समुद्रांपासून दूर. पश्चिमेचा किनारासुद्धा सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटरवर.

तरीही भारतीय चित्रकलेतील सर्वांत प्रसिद्ध जहाज याच वाशिमच्या राजांच्या काळातले आहे.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या धाकट्या शाखेची राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा स्थापन केली आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाच्या राज्यात ती वैभवाच्या शिखरावर पोहोचली. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले. याच बहराच्या काळातील २ क्रमांकाच्या लेण्यात, उजवीकडच्या भिंतीवर, सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. तिच्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज आहे. मागच्या बाजूला पाण्याचे रांजण ओळीने मांडलेले, नाळेवर डोळा रंगवलेला, वादळात सापडलेला माणूस हात जोडून उभा, आणि भोवतीच्या पाण्यात मासे.

जहाज इतके तपशीलवार आहे की नौकानयनाचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. मासे मात्र चित्रकाराच्या कल्पनेतले. डोलकाठी, शीड, रांजण हे सारे डोळ्यांनी पाहता येत होते. पाण्याखालचे जग पाहण्याची सोय त्या काळी कोणालाच नव्हती. मोती काढणारे पाणबुडे एका श्वासापुरते खाली जात, पण त्यांच्या हातात कुंचला नव्हता.

ही उणीव भरून यायला पुढे सुमारे चौदाशे वर्षे लागली.

मधल्या काळात कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे आरमार उभे राहिले. इंग्रज दप्तरांत आंग्रे घराण्यातला कोणीही असो, त्याला ‘आंग्रिया’च म्हटलेले आढळते, आणि पुष्कळदा शेजारी ‘चाचा’ हे विशेषणही. १७२९ मध्ये कान्होजी वारले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला पेशवे होते, ही गोष्ट मराठी मनाला अजूनही सलते. आरमार संपले, पण इंग्रजी सागरी नकाशांवर ते नाव टिकले. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राचा तळ एकदम वर उचलला जातो. त्या उंचवट्याचे नाव ‘आंग्रिया बँक’. ज्याला चाचा ठरवले, त्याचेच नाव नकाशावर वागवत इंग्रज जहाजे तिथून ये-जा करीत राहिली.

या बँकेचा पैशांशी काही संबंध नाही. समुद्रात बुडालेले हे पठार आहे आणि त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली आहे. त्यावर प्रवाळ वाढते. कोकणच्या मच्छीमारांना ही जागा जाळ्यात येणाऱ्या मासळीवरून ठाऊक होती, खलाशांना ती खोली मोजण्याच्या दोरीवरून. तिचा चेहरा मात्र कोणी पाहिलेला नव्हता.

विजयदुर्ग पडल्याला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, १८५६ मध्ये, इंग्लंडच्या वेमथ उपसागरात विल्यम थॉम्पसन नावाच्या वकिलाने लाकडी पेटीत कॅमेरा बंद करून होडीतून पाण्यात सोडला. पेटीत पाणी शिरले. काचेवर काही खडक आणि समुद्रशेवाळाचा धूसर आभास उमटला. पाण्याखालचे पहिले छायाचित्र म्हणून त्याचीच नोंद घेतली जाते. थॉम्पसन स्वतः मात्र होडीतच बसून होता.

कॅमेऱ्यासोबत माणूस खाली उतरला तो १८९३ मध्ये. फ्रान्सच्या बान्यूल्स येथील सागरी प्रयोगशाळेत लुई बुताँ जड पोशाख घालून तळावर उभा राहिला. एकेका चित्रासाठी कित्येक मिनिटे, कधी अर्धा तास, कॅमेरा स्थिर ठेवावा लागे. अशा अवस्थेत मासा टिपणे अशक्यच. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केले आणि पाणबुड्याची वरून येणाऱ्या हवेच्या नळीपासून सुटका झाली. १९६३ मध्ये निकॉनने ‘निकोनॉस’ बाजारात आणला. या कॅमेऱ्याला वेगळी पेटी लागत नव्हती.

उपकरणांपेक्षा शिकणाऱ्यांची कथा अधिक वेधक आहे. व्हिएन्ना हे वाशिमसारखेच समुद्रापासून दूरचे शहर. तिथे हान्स हास या पाणबुड्या संशोधकाच्या कार्यालयात लोटे बायर्ल नावाची तरुणी सचिव होती. तिला मोहिमेवर जायचे होते. बाईमाणसाला बोटीवर घ्यायला हास तयार नव्हता. तिने गाजावाजा न करता डॅन्यूबच्या पाण्यात बुडी मारण्याचा आणि कॅमेरा चालवण्याचा सराव केला आणि तिची छायाचित्रे व्हिएन्नाच्या नियतकालिकात छापून आली. १९५० मध्ये ती तांबड्या समुद्रावरच्या मोहिमेत सामील झाली. त्या मोहिमेच्या चित्रपटाला पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले. समुद्राशिवाय समुद्राचे शिक्षण कसे घ्यावे, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हासने पुढे ‘झारिफा’ हे जहाज घेतले. त्यालाही डोलकाठ्या तीनच, अजिंठ्याच्या जहाजासारख्या. महिनोन्‌महिने तिथेच राहायचे, तिथूनच बुडी मारायची, वर येऊन तिथेच काम करायचे. १९५७-५८ च्या दुसऱ्या मोहिमेत झारिफा मालदीव आणि निकोबारच्या पाण्यात येऊन गेले. आज पर्यटक ज्याला ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात, त्या मुक्कामी बोटींचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मुक्कामच का करायचा? कारण आंग्रियासारख्या जागी दुसरा मार्ग नाही. १०५ किलोमीटर जायला एका बाजूने कित्येक तास लागतात. २० मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. टाकीतली हवा तिप्पट वेगाने संपते. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून दोन बुड्यांच्या मध्ये वर थांबावे लागते. म्हणजे दिवसभरात प्रत्यक्ष पाण्याखाली मिळणारा वेळ अगदी थोडा. त्या थोड्या वेळासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणे केवळ अव्यवहार्य.

त्यात छायाचित्रकाराची अडचण निराळीच. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. काही मीटरवरच रक्तासारखा लाल काळपट दिसू लागतो आणि २० मीटरवर सारे निळे-करडे होते. तिथले प्रवाळ रंगीत असते, पण तो रंग दिसत नाही. स्वतःचा प्रकाश घेऊन गेल्याशिवाय आणि विषयाच्या अगदी जवळ गेल्याशिवाय खरा रंग कॅमेऱ्यात येत नाही. फ्लॅश शरीरापासून दूर, तिरका धरायचा, नाहीतर पाण्यातले कण हिमवर्षावासारखे चमकतात. आणि हे सारे तरंगत, हातपाय प्रवाळाला न लावता करायचे. म्हणून आधी स्थिर तरंगणे शिकायचे, कॅमेरा त्यानंतर. मालवणजवळ तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. वाशिमच्या मुलाला हे शिकायचे तर देशाबाहेर जाण्याची गरज नाही.

किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ पाणी गढूळ करतो. आंग्रिया इतकी दूर आहे की तो गाळ तिथवर सहसा पोहोचत नाही. पाण्याची ही नितळता हेच तिचे वैभव, आणि हे अंतरच तिची पंचाईत.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्यात येते. तसे कवच आंग्रियाला देता आले नाही. देशाचे प्रादेशिक जल १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात. तिथे राज्याच्या वनखात्याचा अधिकार पोहोचत नाही. जे करायचे ते केंद्राने, वेगळ्या कायद्याखाली. तशा हालचाली गेल्या काही वर्षांत झाल्या. त्यांना आधार मिळाला तो जहाजावर मुक्काम ठोकून बुड्या मारणाऱ्या शास्त्रज्ञांनी वर आणलेल्या नोंदींचा आणि छायाचित्रांचा. दिल्लीतल्या फाइलवर सही करणाऱ्याने ते प्रवाळ कधीच पाहिलेले नसते.

२०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाचे पर्यटक जहाज सुरू झाले. कान्होजी आणि ही बँक, दोघांच्या स्मरणार्थ ते नाव ठेवलेले. कठड्याला टेकून सूर्यास्त टिपणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक होते, की ते नाव एका बुडालेल्या पठाराचेही आहे?