डिजिटल मनुष्यबळ प्रणाली आणि कार्यसमाधान

हजेरी, रजा, पगार, सेवानोंदी व मूल्यमापन हे सारे संगणकावर ठेवणाऱ्या प्रणालीचा कर्मचाऱ्याच्या समाधानावर परिणाम होतो. तो समजून घ्यायला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा द्विघटक सिद्धांत (१९५९) उपयोगी पडतो. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवरून त्यांनी निष्कर्ष काढला, की पगार, धोरणे व प्रशासन बिघडले की नाराजी वाढते. मात्र ते सुरळीत चालल्याने कामाची गोडी लागतेच असे नाही. डिजिटल प्रणालीचा कारभार मुख्यतः याच घटकांशी असतो. पगार वेळेवर जमा झाला म्हणून सॉफ्टवेअरचे कौतुक करणारा विरळाच.

प्रणाली फसली की काय होते, याचे ठळक उदाहरण कॅनडाच्या केंद्र सरकारची ‘फिनिक्स’ वेतनप्रणाली. ‘पीपलसॉफ्ट’ या सॉफ्टवेअरवर बेतलेली आणि आयबीएमच्या मदतीने उभारलेली ही प्रणाली फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. वर्षाला सुमारे ७ कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब होता. त्यासाठी खात्याखात्यांतील अनुभवी वेतन-सल्लागारांची पदे कमी करून बरेचसे काम न्यू ब्रन्सविक प्रांतातील मिरामिची या गावी एकवटले. खर्च व मुदत सांभाळण्यासाठी काही सोयी वगळल्या, चाचण्याही आखडल्या. मग कोणाला कमी पगार मिळाला, कोणाला जास्त, काहींना मुळीच नाही. जास्तीचा पगार मिळणेही सुखाचे नव्हते. हाती न आलेली, करापोटी कापलेली रक्कमसुद्धा परत मागितली जाई. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८ च्या अहवालात प्रकल्पाच्या व्यवस्थापनावर कठोर ताशेरे ओढले. पुढे संघटनांशी झालेल्या समझोत्यांत भरपाई म्हणून जादा रजा, तर काहींना रोख रक्कम मिळाली. मनस्तापाची किंमत सरकारने मान्य केली, हे यातले विशेष.

भारतात २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधीसाठी सार्वत्रिक खाते क्रमांक आला. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहत असल्याने हेलपाटे कमी झाले आणि शिल्लक स्वतः पाहता येऊ लागली. त्याच वर्षी केंद्रीय कार्यालयांत आलेल्या आधार-आधारित हजेरीचे स्वागत एवढे मोकळे नव्हते. कर्मचाऱ्याला स्वतःची नोंद दाखवणारी सोय त्याला आपली वाटते. त्याच्यावर नजर ठेवणारी मुकाट्याने सोसली जाते. अर्थात भविष्यनिर्वाह निधीतही आधारवरील नाव व मालकाने नोंदवलेले नाव जुळले नाही तर दावा अडतो. दुरुस्तीसाठी लागणारी मालकाची मान्यता २०२५ मध्ये बऱ्याच सभासदांपुरती शिथिल करण्यात आली.