पेटी, आतील सामानासह

१९८८ सालचा मे महिना. बाबा सुतार. एका कंत्राटदाराच्या दारं-खिडक्यांसाठी त्यांनी वखारीतून उधारीवर सागवान आणलं. कंत्राटदाराने पैसे बुडवले आणि वखारवाल्याने बाबांवर हुकूमनामा मिळवला. पुढे मी वकिली शिकले, तेव्हा त्या दिवसाचा एकेक तास कायद्याच्या पुस्तकाशी ताडून पाहिला.

आदल्या संध्याकाळी ७
कोर्टातला ओळखीचा शिपाई सायकलवरून न उतरताच सांगून गेला, "मिस्त्री, वॉरंट निघालं. उद्या बेलिफ येतोय." आईने लगेच कडी लावली. वास्तविक ती रात्र आमची होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. आम्ही मात्र रस्त्यावर पाय वाजला की दचकत होतो.

रात्री ९
आईने पातेली, परात, कढई पोत्यात भरली. गोधड्या बांधल्या. मंगळसूत्र काढून रुमालात गुंडाळलं. सगळं मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे गेलं. कलम ६० मध्ये स्वयंपाकाची भांडी, गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत ते दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. म्हणजे जे कुणी नेऊच शकत नव्हतं, ते आम्ही लपवलं. जे नेता येतं ते हलवा, असं मात्र मी आजही कुणाला सांगत नाही. जप्ती चुकवायला कपटाने माल हलवणं हा गुन्हा आहे.

रात्री १२
बाबा ओट्यावर दिव्याखाली करवतीला कानस लावत बसले होते. सकाळी देवळाच्या चौकटीचं काम होतं. शेजारी पेटी उघडी. पटाश्या, वाकस, गिरमिट आणि आजोबांचा रंधा. दोन पिढ्यांच्या तळव्यांनी त्याची मूठ काळी, गुळगुळीत झालेली. अंगठा टेकतो तिथे खळगाच पडलेला. कारागिराची हत्यारंही त्याच कलम ६० मध्ये आहेत. पेटी कोण नेणार, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. ती ओट्यावरच राहिली.

सकाळी ८
बाबा वखारीत महिन्याची मुदत मागायला गेले. मिळाली नाही. वकिलांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. फी परवडणार नाही म्हणून ते तिकडे वळलेच नाहीत. ते कलम वाचून दाखवायला वकिलांना पाच मिनिटं लागली असती. माझा जीव अजून या पाच मिनिटांत अडकलेला आहे.

११.२०
बेलिफ, दोन पंच, वखारीचे दिवाणजी, मागे हातगाडी. बेलिफ माणूस वाईट नव्हता. पाणी मागून प्यायला, वॉरंट वाचून दाखवलं. टेबल फॅन, लाकडी कपाट, रेडिओ. मग सायकल. ती मामाची होती, पण त्याला हरकतीचा अर्ज देता येतो हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

११.५०
दिवाणजींनी ओट्याकडे बोट केलं. बेलिफने झाकण उचलून पाहिलं, परत लावलं आणि लिहिलं: "लाकडी पेटी, आतील सामानासह, नग १." हत्यार हा शब्द पंचनाम्यात आलाच नाही.

१२.०५
बाबा म्हणाले, "साहेब, एवढा रंधा तरी काढून घेऊ द्या."
"मिस्त्री, आता कोर्टात मागा."
बाबांनी सही केली. 'ही माझ्या धंद्याची हत्यारं आहेत, तसं लिहा,' एवढं म्हणायला हवं होतं. त्यानंतरही वेळ गेलेली नव्हती. लिलावाचा जाहीरनामा कोर्टात लागल्यापासून किमान सात दिवस जंगम माल विकता येत नाही. कोर्टात मागा, हे बेलिफने खरंच सांगितलं होतं. बाबांनी ते हाकलून लावणं समजलं.

१२.३०
हातगाडी वळणावर गेली. खाचेत चाक बसलं तेव्हा पेटीतलं लोखंड एकदा वाजलं.

संध्याकाळी ७
काकूंनी पोतं परत आणून दिलं. आईने मंगळसूत्र घातलं, चूल पेटवली. बाबा ओट्यावर, पेटीच्या चौकोनी डागाशेजारी बसले होते. देवळातून माणूस विचारायला आला, "मिस्त्री, आज आला नाहीत? उद्या याल ना?"