अपडाऊन करणाऱ्यांच्या बाजूने

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की नाशिकमधल्या सातपूरच्या घराघरांत एक सल्ला हमखास मिळतो. देणारे कधी मामा असतात, कधी क्लासचे सर, कधी पुण्याला शिकून आलेला शेजारचा दादा. ‘‘पोराला होस्टेलला टाका. घरून अपडाऊन करून कॉलेज होत नसतं. आईच्या हातचं खाणार, संध्याकाळी त्याच त्या पोरांत बसणार; आहे तसाच राहील.’’ कॉलेजातही सूर निराळा नसतो. घराच्या चौकटीतून बाहेर पडा, कार्यक्रमांत भाग घ्या, स्वतःला बदला, असं पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभात सांगितलं जातं. दिवाळीनंतर एखादा मुलगा यायचाच बंद झाला, तर निदान तयार असतं: तो रुळलाच नाही, तास संपला की घरी पळायचा.

या बोलण्यामागे एक ठाम मत आहे. कॉलेजात रुळायचं तर आधीच्या जगातून सुटावं लागतं. घर, गल्ली, जुने मित्र यांची ओढ जितकी कमी, तितका विद्यार्थी लवकर रुजतो. हे मत मला चूक वाटतं, आणि सातपूर, अंबड, सिडको अशा कामगार वस्त्यांतल्या मुलांचं त्याने नुकसान होतं. पण खोडून काढायचं, तर आधी त्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडली पाहिजे.

ती बाजू हलकी नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 साली विद्यार्थी कॉलेज अर्धवट का सोडतात याची एक उपपत्ती मांडली. एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्येवरच्या अभ्यासाचा आधार घेऊन ते म्हणाले, की जो विद्यार्थी कॉलेजच्या अभ्यासजीवनात आणि समाजजीवनात समरस होत नाही, तो तिथून निघून जाण्याची शक्यता जास्त. पुढे 1987 च्या पुस्तकात त्यांनी त्याला आर्नोल्ड व्हान जेनेप यांच्या संस्कारविधींच्या कल्पनेची जोड दिली. व्हान जेनेप यांनी 1909 मध्ये अशा विधींचे तीन टप्पे सांगितले होते: आधीच्या स्थितीतून सुटणं, मधला अधांतरी काळ, आणि नव्या स्थितीत सामावणं. टिंटोंनी हेच टप्पे नव्या विद्यार्थ्याला लावले. 1975 च्याच सुमाराच्या अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांच्या अभ्यासातही कॉलेजच्या वसतिगृहात राहणारे विद्यार्थी जास्त टिकतात असं दिसलं. म्हणजे मामांच्या सल्ल्यामागे शास्त्रही उभं आहे.

पूर्वपक्षाचं याहून भक्कम प्रमाण तर आपल्याच मातीतलं आहे. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. नाशिकमध्ये उदोजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि 1914 पासून मराठा विद्या प्रसारक समाजाचं काम वाढत गेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता-जेवता येईल असं वसतिगृह चालवलं. बहुजनांची पहिली शिकलेली पिढी बोर्डिंगातूनच बाहेर पडली, हे कोण नाकारेल? मग घर सोडूनच माणसं घडली, असं म्हणायला हरकत काय?

हरकत आहे. ती मुलं घरापासून लांब आली, कारण गावात शाळा नव्हती. घर वाईट होतं, ते सुटावं म्हणून कुणी त्यांना आणलं नव्हतं. आणि बोर्डिंगात त्यांना काय मिळालं, ते पाहा. साताऱ्याच्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. मुलं स्वतः राबत, स्वतः रांधत. गावांनी धान्य दिलं. मुलाला घरातून काढलं असं तिथे काही झालं नाही. समाजानेच मुलासाठी दुसरं घर मांडलं. टिकवणारी गोष्ट ती होती. आज कॉट बेसिसवर घेतलेली रूम आणि महिन्याची मेस यांत तसलं काही नसतं. सुरगाणा-पेठहून आलेल्या मुलाला रूमवर राहण्यावाचून इलाजच नाही. पण सातपूरच्या मुलाला घर असताना कर्ज काढून तशा रूमवर पाठवायचं, आणि त्याला कर्मवीरांचा वारसा म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता उपपत्तीकडे. विल्यम टिअर्नी यांनी 1992 मध्ये टिंटोंवर घेतलेला आक्षेप मुळावरच घाव घालतो. संस्कारविधी आपल्याच समाजात, आपल्याच वडीलधाऱ्यांच्या हातून होतो. त्यातून जाणारा मुलगा आपल्याच लोकांत मोठा होऊन परततो, आणि तो विधी अर्धवट सोडण्याचा प्रश्नच तिथे नसतो. टिअर्नी अमेरिकेतल्या आदिवासी विद्यार्थ्यांविषयी बोलत होते: परक्या संस्कृतीचा विधी त्यांच्यावर लादायचा, आणि ते निघून गेले की त्यांनाच अपयशी ठरवायचं. नव्या सुनेला ‘माहेर विसर, म्हणजे इथे रमशील’ असं सांगावं, तसा हा उपदेश आहे. जो मुलगा तो मानत नाही, त्याच्यात काही उणं नसतं.

सातपूर म्हणजे काय, हे उपदेश करणाऱ्यांनी जरा डोळ्यांसमोर आणावं. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढे त्र्यंबक रोडच्या बाजूने कारखाने उभे राहत गेले. महिंद्रा, सिएट, मायको; मायकोचं नाव 2008 मध्ये बॉश झालं तरी जुनी माणसं मायकोच म्हणतात. कसमादे आणि खानदेशातून माणसं आली, अशोकनगर, शिवाजीनगर, श्रमिकनगरात राहिली. अनेक घरांत आजही अहिराणी बोलतात. बापाची पिढी कायम कामगार म्हणून लागली, मुलाच्या वाट्याला ठेकेदाराचं काम आलं. आयटीआय इथलंच, हाकेच्या अंतरावर. त्यामुळे डिग्री कॉलेजला जाणं हीच कित्येक घरांत पहिली वेळ. या मुलाला घराने मागे ओढलेलं नसतं. फी घरानेच भरलेली असते, आणि कॉलेज सोडू नकोस असं रोज सांगणारी माणसंही त्या घरातच असतात.

त्याचा दिवस कसा जातो? सकाळचं कॉलेज असेल तर साडेसहाला तो सिटीलिंकच्या थांब्यावर उभा असतो, फर्स्ट शिफ्टच्या माणसांच्या शेजारी. दप्तरात रजिस्टर आणि डबा, आणि तळाला पिशवीत गुंडाळलेले सेफ्टी शूज. तास बारा-साडेबाराला संपतात. सेकंड शिफ्टला साडेतीनच्या आत गेटवर हजर व्हायचं असतं. त्याच्याच वर्गातली मुलगी घरी जाऊन खालच्या वर्गातल्या मुलांच्या शिकवण्या घेते, धाकट्या भावाचं बघते. कॉलेजचं समाजजीवन म्हणतात ते नेमकं याच वेळात चाललेलं असतं. एकांकिकेची तालीम दुपारी, गॅदरिंगची मीटिंग दुपारी, ‘काही अडलं तर दुपारी स्टाफरूममध्ये भेटा’ हेही दुपारीच. मग शेरा पडतो: सहभाग नाही, मिसळत नाही. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं, विषयांचे प्रकार वाढले, आणि अनेक ठिकाणी तास दिवसभरात विखुरले. दोन तासांच्या मध्ये मोकळा वेळ पडला, तर होस्टेलच्या मुलाची काहीच अडचण होत नाही. शिफ्ट गाठायची असेल, तर तोच मोकळा वेळ हजेरी खातो.

म्हणून माझं म्हणणं असं, की या मुलांसाठी कॉलेज म्हणजे वर्ग. तेवढाच त्यांच्या वाट्याचा. रुळण्याचं काम वर्गातच झालं पाहिजे, कारण दुसरीकडे ते होणारच नाही. गंमत म्हणून नव्हे, तर गांभीर्याने सांगतो: हे खुद्द टिंटोंनीच पुढे मान्य केलं. 1997 च्या लेखात त्यांनी सिअ‍ॅटल सेंट्रल कम्युनिटी कॉलेजचा अभ्यास मांडला. तिथले विद्यार्थी घरून येणारे, बरेचसे नोकरी करणारे. ठरावीक विद्यार्थ्यांचा एकच गट जोडून घेतलेले विषय एकत्र शिकला, तासाच्या आतच मिळून अभ्यास करत राहिला, तेव्हा त्यांच्या ओळखी अभ्यासातूनच झाल्या आणि ते जास्त टिकले. अशा विद्यार्थ्यांना सोबती आणि शिक्षक भेटतात ते वर्गातच, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. मूळ आचार्यांनी बावीस वर्षांत आपलं मत इतकं पुढे नेलं. आपली स्वागताची भाषणं मात्र 1975 वरच थांबली आहेत.

हे आपल्याकडे अशक्य नाही. शंभर-सव्वाशेच्या तुकडीत चार-पाच जणांचे गट पहिल्याच आठवड्यात पाडता येतात, आणि ते वस्तीवार पाडता येतात. अशोकनगरची चार मुलं एका बसने येतात, एका बसने जातात; सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या अभ्यासिकेत एकत्र बसू शकतात. गट वर्गात जमला, की घराजवळची गल्लीच कॉलेजचा भाग होते. मामांना जी गल्ली अडसर वाटत होती, तीच कामाला येते.

दुसरं निदान असतं न्यूनगंडाचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यानंतर इंग्रजी पुस्तकं. मुलगा वर्गात उठून प्रश्न विचारत नाही. उपाय म्हणून त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात बसवतात. अशा मुलाची वही उघडून पाहावी. अर्थशास्त्राच्या पानावर प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला असतो. काही ठिकाणी खोडून दुसरा, जास्त नेमका लिहिलेला. इतकी मेहनत करणाऱ्याला आत्मविश्वासाचं व्याख्यान देऊन काय मिळणार? त्याला हवंय ते वेगळं. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: आपण इथले नाही असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं, आणि काळाबरोबर ते कमी होतं. काम तासाभराचंच. पण पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्यांशी असलेली तफावत निम्म्यावर आली. तिथे कुणी कुणाला बदलायला सांगितलं नव्हतं. अडचण माझ्या एकट्याची नाही, एवढंच त्यांना कळलं. आपल्याकडे टी.वाय.ला पोहोचलेल्या सातपूरच्याच मुलीने एफ.वाय.च्या वर्गात येऊन स्वतःची पहिली सहामाही, राहिलेली केटी, न समजलेले तास यांविषयी अर्धा तास बोलावं. प्रमुख पाहुण्यांपेक्षा तिचं बोलणं उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

एक गोष्ट मी पूर्वपक्षाला देतो. आठ तासांची शिफ्ट करून पूर्णवेळ पदवी करणं अवघड आहे, आणि त्याचं कौतुक करत बसू नये. अ‍ॅस्टिन यांनाही हेच दिसलं: कॉलेजबाहेरची पूर्णवेळ नोकरी विद्यार्थ्याला मागे खेचते, कॉलेजच्या आवारातलं थोड्या वेळाचं काम मात्र त्याला टिकवतं. हे कर्मवीरांना आधीच उमगलं होतं, आणि पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. या योजनेत मिळणारं मानधन कंपनीच्या हजेरीशी बरोबरी करू शकत नाही, हे तिचं दुबळेपण. ते वाढलं, तर किती तरी मुलं ठेकेदाराकडे जाणार नाहीत.

यावर काही जण म्हणतात, मग नोकरी करणाऱ्यांनी मुक्त विद्यापीठातून करावं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशिकमध्येच आहे, आणि नोकरदारांसाठी, गृहिणींसाठी त्याने केलेलं काम मोठं आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाला समवयस्कांबरोबर बाकावर बसून शिकण्याचा हक्क आहे. तो नोकरी करतो म्हणून त्याने तो सोडून द्यावा, हे न्यायाचं नाही. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. विद्यार्थ्याने कॉलेजशी जुळवून घ्यावं ही एकच वाट तिथे धरली नव्हती. कॉलेजनेही विद्यार्थ्याच्या दिवसाशी जुळवून घेतलं.

प्राचार्यांना आणि प्रवेश समित्यांना माझी विनंती आहे. तुमच्या बहुतेक फॉर्मवर पालकाच्या व्यवसायाचा रकाना असतो. त्याखाली आणखी दोन रकाने छापा: विद्यार्थी स्वतः काम करतो का, आणि कोणत्या वेळेत. ते वाचून मग वेळापत्रक लावा, आणि ते प्रवेशाआधी फलकावर लावा, म्हणजे सातपूरच्या मुलाला फी भरण्यापूर्वीच कळेल, की या कॉलेजात त्याला बसता येणार आहे की नाही.