आंतरराष्ट्रीय रोमिंगमधील नेटवर्क निवड

परदेशात नेलेल्या मोबाइल फोनने तेथील उपलब्ध नेटवर्कांपैकी कोणत्या नेटवर्कवर नोंदणी करावी, हे ठरवण्याच्या प्रक्रियेस आंतरराष्ट्रीय रोमिंगमधील नेटवर्क निवड असे म्हणतात. ही निवड केवळ सिग्नलच्या तीव्रतेवरून होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सिम कार्डावर साठवलेल्या याद्या आणि मूळ कंपनीने परदेशी कंपन्यांशी केलेले करार यांचा प्रभाव अधिक असतो. दर्जा, खर्च आणि बँकेचे संदेश मिळणे या तिन्ही गोष्टी या निवडीशी निगडित असल्याने प्रवाशाच्या दृष्टीने तिला व्यावहारिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

युरोपातील १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे सामाईक डिजिटल मोबाइल प्रणालीसंबंधीच्या सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या केल्या. पुढे जीएसएम या नावाने जगभर पसरलेल्या या प्रणालीत, एका देशाचा ग्राहक दुसऱ्या देशाच्या नेटवर्कवर चालावा ही कल्पना आरंभापासून अंतर्भूत होती. १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनमधील व्होडाफोन यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

स्वयंचलित निवड

प्रत्येक सिमवर जास्तीत जास्त १५ अंकी ग्राहक ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवतात (भारतासाठी ४०४ व ४०५, फ्रान्ससाठी २०८, स्वित्झर्लंडसाठी २२८) आणि त्यापुढील दोन किंवा तीन अंक कंपनी दर्शवतात. यजमान नेटवर्क या क्रमांकावरून ग्राहकाची मूळ कंपनी ओळखते व तिच्याकडे विचारणा करूनच त्याला प्रवेश देते.

फोन सुरू होताच तो प्रथम शेवटचे नोंदणीकृत नेटवर्क किंवा मूळ नेटवर्क शोधतो. ते न मिळाल्यास सिमवरील पसंतीच्या दोन याद्या पाहिल्या जातात. पहिली ग्राहकाची आणि दुसरी मूळ कंपनीची. ग्राहकाची यादी बहुधा रिकामीच असते, त्यामुळे कंपनीची यादी निर्णायक ठरते. त्या यादीतील एकही नेटवर्क उपलब्ध नसेल, तर पुरेसा सिग्नल असलेल्या नेटवर्कांपैकी एक यादृच्छिक क्रमाने निवडले जाते. एकाच कंपनीचे सिम असलेले दोन सहप्रवासी शेजारी उभे असूनही वेगवेगळ्या नेटवर्कांवर असू शकतात, ते यामुळेच.

निवड एकदाच होऊन थांबत नाही. अधिक पसंतीचे नेटवर्क उपलब्ध आहे का, हे फोन ठरावीक काळाने तपासतो. सिमवर वेगळी सूचना नसल्यास दर ६० मिनिटांनी. याशिवाय काही मूळ कंपन्या, घाऊक दर स्वस्त असलेल्या भागीदाराकडे फोन वळवण्यासाठी, इतर नेटवर्कांवरून आलेल्या आरंभीच्या नोंदणी-विनंत्या नाकारतात. ग्राहकाला याची कल्पना नसते. विमानतळावर उतरल्यावर फोन बराच वेळ शोधत राहिलेला मात्र दिसतो.

हाताने निवड

फोनच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित निवड बंद केल्यास आसपासच्या नेटवर्कांची यादी दिसते. यादीत नाव दिसणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. करार नसलेले नेटवर्क नोंदणी नाकारते आणि फोन त्याची नोंद सिमवरील निषिद्ध यादीत करतो. करार असलेल्यांमध्येही काहींशी केवळ कॉल व संदेशांपुरताच करार असतो; अशा वेळी सिग्नल पूर्ण असूनही इंटरनेट चालत नाही, आणि दुसरे भागीदार नेटवर्क हाताने निवडणे हाच सर्वांत सोपा उपाय ठरतो. निवड स्वयंचलितवर परत न आणल्यास पुढच्या देशात पोहोचल्यावर फोन ‘सेवा नाही’ असे दाखवू शकतो. भारतात परतलेल्या प्रवाशांच्याही ही गोष्ट अनेकदा लक्षात येत नाही.

नेटवर्क बदलल्याने प्रत्येक अडचण मात्र सुटत नाही. रोमिंगमधील डेटा सहसा यजमान देशातून थेट इंटरनेटवर न जाता मूळ कंपनीच्या यंत्रणेतून जातो. पॅरिसमध्ये भारतीय सिमवर उघडलेले संकेतस्थळ भारतात वळसा घालून येते. त्यामुळे होणारा विलंब स्थानिक नेटवर्क बदलून कमी होत नाही. याच वळशामुळे चीनमध्ये परदेशी सिमवर स्थानिक सिमवर न उघडणारी संकेतस्थळे सहसा उघडतात.

कॉलची अडचण वेगळी आहे. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये, तर ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा व ऑप्टस यांनी ऑक्टोबर २०२४ अखेरीस ३जी सेवा बंद करण्यास हात घातला. या कंपन्यांची २जी सेवा त्यापूर्वीच संपली होती. अशा नेटवर्कांवर ४जी माध्यमातून कॉल करण्याचा, म्हणजे व्होल्टे रोमिंगचा, करार नसल्यास डेटा चालतो पण कॉल लागत नाही.

सीमाभाग आणि जहाजे

जिनिव्हासारख्या सीमेलगतच्या शहरात फ्रान्सचा सिग्नलही पोहोचतो. अधिक पसंतीच्या नेटवर्कचा ठरावीक काळाने होणारा शोध त्याच देशापुरता मर्यादित असल्याने, फ्रेंच नेटवर्कवर नोंदलेला फोन स्वित्झर्लंडमध्ये आल्यावरही त्यावरच राहू शकतो. प्रवाशाचे पॅक एकाच देशाचे असेल तर याचा भुर्दंड बसतो. येथे हाताने निवड खरोखर उपयोगी पडते. समुद्रातील जहाजे व विमाने यांवरील उपग्रहाधारित नेटवर्कांचा देशक्रमांक ९०१ असतो. त्यांचे दर बरेच चढे असून देशाच्या पॅकमध्ये ती सहसा मोडत नाहीत. फोन विमान-मोडवर ठेवणे हाच तेथे खात्रीचा उपाय आहे.

शुल्क आणि पर्याय

युरोपीय संघाने २००७ मध्ये रोमिंग कॉलवर करांव्यतिरिक्त प्रतिमिनिट ४९ सेंट (केलेला) व २४ सेंट (आलेला) अशी कमाल मर्यादा घातली आणि १५ जून २०१७ पासून अतिरिक्त शुल्कच रद्द केले. २०२२ च्या नियमाने ही सवलत २०३२ पर्यंत वाढवली. भारतीय सिमला तिचा लाभ मिळत नाही. परंतु पॅरिसमध्ये घेतलेले फ्रेंच सिम ‘रास्त वापरा’च्या मर्यादेत रोममध्येही त्याच दराने चालते. स्वित्झर्लंड या नियमाच्या कक्षेबाहेर आहे आणि २०२१ पासून ब्रिटनही.

स्थानिक सिम किंवा ई-सिम घेतल्यास डेटा स्वस्त पडतो, पण भारतीय बँकांचे ओटीपी नोंदणीकृत भारतीय क्रमांकावरच येतात. दोन सिमच्या फोनमध्ये नेटवर्क निवड प्रत्येक सिमसाठी स्वतंत्र असते. त्यामुळे भारतीय सिमवर डेटा रोमिंग बंद ठेवून ते केवळ संदेशांसाठी चालू ठेवता येते. त्यासाठी त्या सिमची यजमान नेटवर्कवर नोंदणी झालेली असावी लागते; म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंगची सुविधा निघण्यापूर्वीच सुरू करून घेणे आवश्यक असते, कारण परदेशातून ती सुरू करताना पडताळणीचा संदेशही बहुधा त्याच बंद क्रमांकावर पाठवला जातो.