शेजारधर्म, आधुनिक काळाच्या प्रारंभीच्या इंग्लंडमधील

सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील सामान्य ग्रामस्थ व कारागीर यांच्या परस्परसंबंधांचे नियमन करणारी आचारपद्धती. शेजाऱ्यावर प्रेम करावे, या ख्रिस्ती आज्ञेचा तिला आधार होता. तथापि हे प्रेम म्हणजे केवळ मनातील भावना, असे त्या काळी मानले जात नसे. उसनवारी, साहाय्य, साक्ष आणि समेट या ठराविक कृतींतून ते व्यक्त व्हावे, अशी अपेक्षा असे. शेजारी कोणास म्हणावयाचे, हेही याच पद्धतीने ठरत असल्यामुळे कोणाला आधार द्यावयाचा व कोणाला वगळावयाचे, हे दोन्ही तिच्यातून निश्चित होई.

या जीवनाचा मूळ घटक म्हणजे पॅरिश. एका चर्चच्या अखत्यारीतील वस्ती व शिवार मिळून पॅरिश बने. तेथील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला. ज्यांच्यात उघड वैर असेल, त्यांना समेट होईपर्यंत प्रभुभोजनाच्या विधीस घेऊ नये, असा नियम बुक ऑफ कॉमन प्रेअर (१५४९) या प्रार्थनाग्रंथात होता. त्यामुळे ईस्टरपूर्वी तंटे मिटविण्यास विशेष महत्त्व येई. वसंत ऋतूत पाद्री व ग्रामस्थ मिळून पॅरिशच्या हद्दीवरून फेरी काढीत. या फेरीमुळे सीमा स्मरणात राहतात, बरोबर चालताना कलह मिटतात व गरिबांना दानही मिळते, असे कवी व धर्मोपदेशक जॉर्ज हर्बर्ट (१५९३–१६३३) याने नमूद केले आहे.

दैनंदिन व्यवहारही शेजाऱ्यांवरच अवलंबून असत. नाण्यांची चणचण असल्याने बहुतेक खरेदी-विक्री तोंडी उधारीवर चाले; साहजिकच ‘पत’ म्हणजे प्रामुख्याने शेजाऱ्यांत असलेला लौकिक. मृताच्या चीजवस्तूंची यादी व किंमत बहुधा शेजारीच ठरवीत. बाळंतपणाच्या वेळी सुईणीसह शेजारणी जमत. त्यांना ‘गॉसिप’ म्हणत. मूळात हा शब्द बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांसाठी होता. त्यास कुचाळकी हा अर्थ पुढे आला. एखाद्यावर आपत्ती आल्यास ‘हेल्प-एल’ हा मेळा भरवीत. त्यात खास गाळलेली बिअर विकून आलेले पैसे गरजूला देत. प्यूरिटन पंथीयांनी मद्यपान व गोंधळ यांमुळे अशा मेळ्यांना विरोध केला.

वाढती लोकसंख्या, महागाई आणि १५९४–९७ मधील नापिकी यांमुळे ऐच्छिक मदत अपुरी पडू लागली. १५९८ व १६०१ च्या दरिद्री साहाय्य कायद्यांनी प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली व त्यासाठी सक्तीची पट्टी बसविली. वृद्ध, विधवा व अनाथ यांना नियमित आधार मिळू लागला. मात्र जो देतो त्याला घेणाऱ्याची पारख करण्याचा अधिकारही प्राप्त झाला. १६६२ च्या वसाहत कायद्यान्वये, पॅरिशवर भार पडण्याचा संभव असलेल्या नवागतास परत धाडता येई. जन्मणाऱ्या मुलाचा भार आपल्यावर पडू नये, म्हणून गरोदर अविवाहित स्त्रियांना हद्दीबाहेर घालविल्याच्या नोंदी आढळतात. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांना ‘पी’ अक्षराचा बिल्ला लावणे भाग पाडले.

नाकारलेल्या मदतीचे पर्यवसान कधी चेटुकाच्या आरोपातही होई. ॲलन मॅकफार्लेन (१९७०) व कीथ टॉमस (१९७१) यांच्या मते, दूध किंवा यीस्ट मागणाऱ्या वृद्धेला रिक्त हस्ते परतविल्यावर घरात आजार उद्भवला, की नकार देणाऱ्याची अपराधी भावनाच तिच्यावर आरोपाचे रूप घेई. सर्वच खटले या उपपत्तीत बसत नाहीत, असे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. परंतु बहुतेक आरोप ओळखीच्या माणसांतच उद्भवत, हे निर्विवाद आहे.

शेजारधर्माचे उज्ज्वल उदाहरण म्हणून डर्बीशरमधील ईम गावाचा निर्देश केला जातो. तेथे सप्टेंबर १६६५ मध्ये प्लेगचा शिरकाव झाला. पाद्री विल्यम मॉम्पेसन व त्याचा पूर्वाधिकारी टॉमस स्टॅन्ली यांच्या सल्ल्याने १६६६ मध्ये गावकऱ्यांनी आपली हद्द ओलांडली नाही. सभोवतालचे लोक सीमेवर अन्न ठेवीत. त्याचे पैसे व्हिनेगरमध्ये टाकले जात, अशी परंपरा आहे. साथीत सुमारे २६० लोक दगावले, असे परंपरेने मानतात. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा मुले स्वतः पुरली. या कथेत पुढील काळात बरीच भर पडली असली, तरी जी सीमा एरवी परक्याला रोखण्यास वापरली जाई, तीच येथे परक्याच्या रक्षणासाठी पाळली गेली, हे लक्षणीय आहे.

लॉरेन्स स्टोन याने १९७७ मध्ये या काळातील गावे द्वेषाने ग्रासलेली होती, असे मत मांडले. कीथ राइटसन याने शेजारसंबंधांतील परस्परावलंबनावर भर दिला. जुना शेजारधर्म लोप पावला, ही तक्रार त्या काळातील लेखनातही आढळते. चर्चच्या न्यायालयांतील बदनामीचे असंख्य दावे कलहाचा पुरावा ठरतात. तसेच शेजाऱ्यांच्या मताला किती किंमत होती, हेही त्यांवरून स्पष्ट होते.