पवित्र खड्ग आणि त्याच्या पात्यासमोरचा ‘दुसरा’

राक्षस, पिशाच्च, वेताळ किंवा मायावी राजा यांच्यावर साधे शस्त्र चालत नाही. पवित्र तलवार मात्र चालते. अद्भुतिकेच्या वाचकाला हा संकेत इतका परिचित असतो की त्यामागचे कारण विचारावे असे त्याला सहसा वाटत नाही. विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलताना ‘तलवार पवित्र आहे, म्हणून’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. परंतु या एका शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. शस्त्राला हे सामर्थ्य कोठून येते? ते नेमके कोणावर चालते? आणि चालल्यानंतर त्या शस्त्राचे काय होते? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे समीक्षेचे फारसे लक्ष जात नाही. प्राचीन कथाकारांचे मात्र होते. प्रस्तुत लेखात काही निवडक कृतींच्या आधारे या प्रश्नांचा मागोवा घ्यायचा आहे. या कृतींनी परस्परांवर प्रभाव टाकला असा दावा येथे नाही. जेथे तसा संबंध आहे, तेथे त्याचा निर्देश केला आहे.

आरंभ महाभारताच्या शांतिपर्वातील खड्गोत्पत्तीच्या आख्यानापासून करणे सोयीचे ठरेल. शरशय्येवरील भीष्मांना नकुल विचारतो की, लोक धनुष्याला श्रेष्ठ मानतात, पण मला खड्ग अधिक मोलाचे वाटते. त्याची उत्पत्ती कशी झाली? भीष्म सांगतात ती कथा अशी. हिरण्यकशिपू, विरोचन, नमुची, बली इत्यादी दानवांनी धर्माची मर्यादा ओलांडली. त्यांचा युक्तिवाद लक्षणीय आहे. देव ज्या कुळातले त्याच कुळातले आम्ही, मग त्यांच्यात आणि आमच्यात भेद कसला, असे त्यांचे म्हणणे. ब्रह्मदेवाने हिमालयाच्या शिखरावर यज्ञ मांडला. अग्नीतून नीलकमलाच्या वर्णाचे, तीक्ष्ण दाढांचे, कृश उदराचे एक उंच भूत प्रकट झाले आणि पृथ्वी हादरली. हाच ‘असि’. भूतरूप टाकून त्याने खड्गाचे रूप घेतले. रुद्राने ते हाती घेऊन दानवांचा संहार केला, आणि नंतर आपले उग्र रूप टाकून ते विष्णूच्या स्वाधीन केले.

आजचा कादंबरीकार बहुधा येथेच थांबला असता. आख्यान मात्र पुढे जाते. विष्णूकडून मरीची, मग महर्षी, इंद्र, लोकपाल अशा क्रमाने खड्ग मनूकडे येते, आणि त्याच्यासोबत एक अट येते. मर्यादा मोडणाऱ्याला शासन करावे, परंतु ते अपराधाच्या प्रमाणात. आधी शब्दांनी निर्भर्त्सना, मग द्रव्यदंड, मग अंगच्छेद. आणि वध तर क्षुल्लक कारणासाठी कधीच नाही. खड्गाच्या आठ नावांत शेवटचे नाव ‘धर्मपाल’ असे आहे. म्हणजे ज्या शस्त्राने दानवांच्या रक्तमांसाचा चिखल केला, तेच माणसाच्या हाती येताना नियमांनी बांधले जाते. दानवांचा दोषही जन्माचा सांगितलेला नाही. ते देवांचे भाऊबंदच आहेत. दोष आहे तो मर्यादाभंगाचा. पवित्र शस्त्र ‘दुसऱ्या’वर चालते, पण तो ‘दुसरा’ आपल्यातलाच आहे, हे भान या कथेने सोडलेले नाही.

रामायणाचे उत्तरकांड याच प्रश्नाची उलटी बाजू दाखवते. कैलास हलवू पाहणाऱ्या रावणाचा गर्व उतरल्यावर शंकर त्याला चंद्रहास खड्ग देतात, आणि त्याची अवज्ञा केलीस तर ते माझ्याकडे परत येईल असेही बजावतात. दैवी खड्ग राक्षसाच्या हातात राहू शकते. ते हात भाजत नाही. पावित्र्य हा येथे धातूचा गुणधर्म ठरत नाही. ते देणारा आणि घेणारा यांच्यातला करार ठरते, आणि करार म्हटला की तो मोडण्याची शक्यताही आलीच.

आता इंग्रजी साहित्याच्या आरंभाकडे वळू. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्याचे एकमेव हस्तलिखित इ.स. १०००च्या आसपासचे आहे. त्यातला ग्रेंडेल हा केनचा, म्हणजे बायबलमधील पहिल्या भ्रातृहत्याऱ्याचा, वंशज आहे. मंत्रबळामुळे शस्त्रे त्याच्यावर चालत नाहीत, आणि बेओवुल्फ त्याच्याशी नुसत्या हातांनी झुंजतो. पुढे ग्रेंडेलच्या आईशी पाण्याखालच्या गुहेत युद्ध होते, तेव्हा ‘हृंटिंग’ ही नामांकित तलवारही निष्फळ ठरते. अखेर गुहेतच पडलेली एक प्रचंड जुनी तलवार त्याच्या हाती लागते आणि तिने तो त्या मातेला मारतो. ही तलवार कोणा संताने आशीर्वाद दिलेली नाही. ती राक्षसांनीच घडवलेली आहे. मारल्यानंतर त्या विखारी रक्ताने तिचे पाते बर्फासारखे वितळून जाते. हाती उरते ती फक्त मूठ, आणि त्या मुठीवर राक्षसकुळाला बुडवणाऱ्या जलप्रलयाची कथा कोरलेली असते. राजा ह्रोथगार ती मूठ न्याहाळतो आणि विजयी वीराला गर्वापासून सावध राहण्याचा उपदेश करतो.

येथे तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र येतात. सामर्थ्य शत्रूच्याच कुळातून आले, ते त्याच कुळावर चालले, आणि चालल्यावर संपले. विजयाच्या क्षणीच विजेत्याला इशारा मिळाला.

साधारण इ.स. ११००च्या सुमाराच्या ‘रोलांचे गीत’ या फ्रेंच वीरकाव्यात मात्र वेगळे वळण दिसते. रोलांच्या ‘ड्यूरँडल’ तलवारीच्या मुठीत संत पीटरचा दात, संत बेसिलचे रक्त, संत डेनिसचे केस आणि मेरीच्या वस्त्राचा तुकडा आहे. पावित्र्य आता वस्तुरूपाने मुठीत भरले गेले. पण तिच्या पात्यासमोर कोण आहे? ग्रेंडेलसारखे भूत नव्हे, तर स्पेनमधील मुसलमान योद्धे; आणि एकेश्वरवादी असलेल्या या लोकांना काव्याने मूर्तिपूजक ठरवले आहे. तलवार इतकी पवित्र केली की तिच्यासाठी सैतानी शत्रू लागतो, आणि तो नसेल तर माणसातून घडवावा लागतो. पवित्र खड्गाच्या संकेतातला खरा धोका या काव्यात प्रथमदर्शनीच लक्षात येतो.

विसाव्या शतकातील फँटसीने हा वारसा दोन प्रकारे स्वीकारला. जे. आर. आर. टॉल्किन हे ‘बेओवुल्फ’चे अभ्यासक, १९३६ साली त्यांनी त्यावर दिलेले व्याख्यान आजही अभ्यासले जाते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) अंगमारच्या मायावी राजावर मेरी हा लहानखुरा हॉबिट मागून वार करतो. त्याचे आखूड पाते शतकांपूर्वी याच राजाशी लढणाऱ्या लोकांनी घडवलेले असते, म्हणून राजाच्या अदृश्य देहाला त्याच्या इच्छेशी बांधणारा मंत्र तुटतो आणि एओविनच्या तलवारीला वाट मिळते. पण मेरीचे पाते धुमसत जळून जाते आणि एओविनच्या तलवारीच्या ठिकऱ्या होतात. वितळणाऱ्या जुन्या पात्याची आठवण येथे सहज होते. टॉल्किनने पात्याचा परिणाम इतिहासातून सिद्ध केला. कोणी, कोणासाठी, कोणत्या दुःखातून ते घडवले, यावर त्याचे बळ अवलंबून आहे. याच राजाविरुद्ध आधीच्या एका प्रसंगी फ्रोडोच्या तलवारीपेक्षा त्याने उच्चारलेले एल्बेरेथ हे नाव अधिक घातक ठरले, असेही कादंबरीत सांगितले आहे.

पोल अँडरसन यांची ‘द ब्रोकन स्वोर्ड’ ही कादंबरीही १९५४चीच. तीत एल्फ लोकांना लोखंडाचा स्पर्श सोसत नाही. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवण्याची आपल्याकडची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही समजूत परकी वाटणार नाही. अँडरसन यांचे वेगळेपण असे की, पवित्र नाव ऐकून मागे सरणाऱ्यांच्या बाजूने ते कथा सांगतात. नव्या धर्माने हुसकावलेला एक फॉन दक्षिणेकडून पळून उत्तरेच्या रानात येतो, तेव्हा पावित्र्याचा ‘परिणाम’ म्हणजे कोणाचे तरी बेघर होणे, हे वाचकाला प्रथमच जाणवते.

दुसरा प्रकार हिशेबाचा. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या १९७९च्या सूत्रधार-पुस्तिकेत ‘होली अव्हेंजर’ नावाची तलवार आहे. धर्मवीराच्या हाती तिचे मूल्य पाच, इतरांच्या हाती दोन. आणि विशिष्ट प्रकारच्या दुष्टांवर वार केल्यास आणखी दहा. याच पुस्तिकेने प्रेरणास्थाने म्हणून दिलेल्या यादीत टॉल्किन आणि अँडरसन दोघेही आहेत. खेळाला नियम लागतात, त्यामुळे या आकड्यांना हसण्याचे कारण नाही. पण आकडा मांडण्यासाठी शत्रूच्या माथ्यावर ‘दुष्ट’ हा शिक्का आधीच मारावा लागतो, आणि वार केल्यावर तलवारीचे काहीच बिघडत नाही. भीष्मांची अट आणि ह्रोथगारचा उपदेश दोन्ही या हिशेबात गळून पडतात. पुढे संगणकीय खेळांतून आणि त्यांच्या छायेत लिहिल्या गेलेल्या अनेक कादंबऱ्यांतून हाच हिशेब रूढ झाला.

तेव्हा पवित्र तलवारीचा अद्भुत प्राण्यांवर काय परिणाम होतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि असूही नये. लेखकाने आपल्या सृष्टीत ‘दुसरा’ कोणाला ठरवले आहे, त्यावर ते ठरते. मराठीत अद्भुतिका लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. तलवारीचे तेज वर्णन करण्याआधी त्यांनी शांतिपर्वातले ते आख्यान एकदा शेवटपर्यंत वाचावे. संहार तेथे काही श्लोकांत आटोपतो. त्यानंतर हातोहात पुढे जाणारे खड्ग आणि त्याच्यासोबत जाणारी दंडाची मर्यादा हाच त्या कथेचा अधिक अवघड भाग आहे, आणि कथाकाराने तो टाळलेला नाही.